पॅरानॉर्मल तपासाची साधनं कशी निवडावीत, कशी वापरावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूत आहे की नाही हे दाखवणारं यंत्र कोणतं?

असं यंत्र नाही. ‘घोस्ट डिटेक्टर’ या नावाखाली जे काही विकलं जातं ते चुंबकीय क्षेत्र, तापमान, आवाज, हालचाल किंवा इन्फ्रारेड प्रकाश यांपैकी काहीतरी मोजतं. भूत म्हणजे किती मिलिगॉस (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) किंवा किती अंश हे आजवर कुणी ठरवलेलं नाही, मग ते मोजणारं यंत्र बनणार कसं? खुद्द थॉमस एडिसनने १९२० मध्ये मुलाखतींत सांगितलं होतं की मृतांना संपर्क साधता यावा असं एक उपकरण आपण तयार करतो आहोत. त्याच्या पश्चात असं चालतं यंत्र काही सापडलं नाही.

मग साधनं न्यायची कशाला? तर रात्री दोन वाजता दार आपोआप उघडलं, त्या वेळी खोलीत कोण होतं, वारा कुठून येत होता, शेजारी कोणती मोटर चालू झाली, हे दुसऱ्या दिवशी सांगता यावं म्हणून. ज्या साधनामुळे एखादं साधं कारण तपासून बाजूला काढता येतं ते कामाचं. ज्याचा नुसता दिवा लागतो ते करमणुकीचं. खालची उत्तरं याच कसोटीवर दिली आहेत, त्यामुळे काही लोकप्रिय यंत्रांच्या चाहत्यांना ती कडू लागतील.

सुरुवात करताना काय काय घ्यावं?

ऑडिओ रेकॉर्डर, आकडे दाखवणारा ईएमएफ मीटर (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा), नोंद साठवणारं थर्मामीटर, ट्रायपॉडवर बसणारा कॅमेरा, दोन टॉर्च (त्यातला एक डोक्याला बांधायचा), जादा बॅटऱ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आणि मोजपट्टी, खडू, चिकटपट्टी, दोऱ्याचं रीळ, वही, पेन.

शेवटच्या या किरकोळ वस्तू नवखे लोक हमखास विसरतात. ब्रिटिश तपासनीस हॅरी प्राइस याने १९३७ मध्ये इंग्लंडमधली बोर्ली रेक्टरी वर्षभरासाठी भाड्याने घेतली आणि ‘द टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक जमवले. त्याच्या पेटीत पावलांचा आवाज होऊ नये म्हणून फेल्टचे जोडे होते, पोलादी मोजपट्टी होती, दारं-खिडक्या सील करायचं सामान होतं, हादरे कळावेत म्हणून पारा होता आणि ब्रँडीही होती. प्राइसच्या निष्कर्षांवर पुढे सडकून टीका झाली आणि त्यातली बरीच रास्त आहे. पेटी मात्र त्याने विचार करून भरली होती.

दोऱ्याचंच घ्या. दाराच्या चौकटीला गुडघ्याच्या उंचीवर पातळ शिवणदोरा आडवा लावायचा, दोन्ही टोकं चिकटपट्टीने हलकीच अडकवायची. मांजर खालून निघून जातं, माणूस गेला तर टोक सुटतं. ‘या खोलीत मधल्या वेळात कुणी गेलं का’ याचं इतकं स्वस्त आणि सरळ उत्तर कुठलाही सेन्सर देत नाही. पारा मात्र नेऊ नका, तो विषारी असतो. हादरे टिपायला मोबाइलमधला अ‍ॅक्सेलरोमीटर पुरतो.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचा भुतांशी काय संबंध?

फार जवळचा. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी १९२१ मध्ये एका नेत्रवैद्यक नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली. जुन्या मोठ्या घरात राहायला गेल्यावर घरातल्यांना रिकाम्या मजल्यावर पावलं वाजलेली ऐकू येऊ लागली, अनोळखी माणसं दिसू लागली, झोपेत कुणीतरी दाबून धरल्यासारखं वाटू लागलं. डोकं जड व्हायचं, मुलं फिकट पडली, कुंडीतली झाडं मरत होती. दोष निघाला भट्टीत: धूर धुरांड्यातून बाहेर जायच्या ऐवजी घरात पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि भुताटकी थांबली.

या वायूला ना रंग, ना वास. ज्या घरातून ‘इथे आलं की डोकं दुखतं, छातीवर दडपण येतं, कुणीतरी असल्यासारखं वाटतं’ अशी तक्रार येते तिथे पहिलं साधन हेच बाहेर काढायचं. अलार्म वाजला तर तपास तिथेच थांबवायचा, सगळ्यांना उघड्यावर न्यायचं आणि गॅस किंवा अग्निशमन यंत्रणेला बोलवायचं. माझ्या मते पेटीत एकच वस्तू ठेवायची परवानगी असती तर ती हीच असावी.

ईएमएफ मीटर कोणता घ्यावा? के-टू की ट्रायफील्ड?

एकच घ्यायचा असेल तर आकडा दाखवणारा आणि तिन्ही अक्षांवर मोजणारा घ्या. ट्रायफील्ड टीएफटू या वर्गातला आहे. के-टूवर आकडा नाही, पाच दिवे आहेत. हिरवा नेहमी लागलेला असतो, पुढचे साधारण १.५, २.५, १० आणि २० मिलिगॉसला लागत जातात. म्हणजे तिसरा दिवा लागला तर क्षेत्र ३ मिलिगॉस होतं की ९, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. नोंदवहीत लिहिणार काय, ‘नारिंगी’?

के-टूची दुसरी अडचण म्हणजे तो एकाच अक्षावर मोजतो. भिंतीतल्या वायरिंगसमोर मीटर धरून नुसतं मनगट फिरवा, जागा न बदलता दिवे कमीजास्त होतात. अंधारात चालताना हात हलतोच, आणि मग ‘काहीतरी आपल्याबरोबर चाललंय’ असं वाटू लागतं. जुन्या के-टूचं बटण अंगठ्याने दाबून धरावं लागतं. अंगठा जरा सैल पडला की दिवे लुकलुकतात. त्यावर उपाय म्हणून लोक बटणात नाणं अडकवून ठेवायचे. असा मीटर हातात आला तर त्याचं बटण आधी तपासा.

दोन्ही मीटर मुख्यतः बदलतं क्षेत्र मोजतात, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झच्या घरगुती विजेमुळे तयार होणारं. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५० ते ६५० मिलिगॉस असतं. ते स्थिर असल्यामुळे या मीटरांना दिसतच नाही. ते मोबाइलमधल्या होकायंत्राच्या सेन्सरला दिसतं. त्यामुळे मोबाइलवर ‘४५ मायक्रोटेस्ला’ बघून दचकू नका. १ मायक्रोटेस्ला म्हणजे १० मिलिगॉस, तेव्हा ते ४५० मिलिगॉस पृथ्वीचेच आहेत.

आकडा वाढला तर आधी शोधायची ठिकाणं अशी: मीटरबॉक्स, फ्रिजचा कॉम्प्रेसर, उशाशी असलेलं विजेवरचं घड्याळ, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचं काहीही. फ्रिज तर थर्मोस्टॅटवर मधूनमधून चालू-बंद होतो, त्यामुळे रात्रभरात ‘येणारं-जाणारं’ क्षेत्र सापडलं की घरातला फ्रिज कोणत्या भिंतीला टेकलाय ते पाहा. उपकरणांपासून दूर, साध्या खोलीत आकडा बहुधा एक-दोन मिलिगॉसच्या आत राहतो. जुन्या वायरिंगमध्ये जाणारी आणि येणारी तार एकमेकींपासून लांब असतील तर अख्खी खोलीच जास्त दाखवते. तिथे मांत्रिकाला नको, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मेल मीटरबद्दलही विचारणा होते. अमेरिकी इंजिनिअर गॅरी गाल्का यांनी अपघातात गेलेल्या मुलीच्या, मेलिसाच्या, नावाने तो बनवला. मॉडेल ८७०४ हा आकडा तिच्या जन्म आणि मृत्यूच्या वर्षांवरून, १९८७ आणि २००४ वरून, घेतला आहे. क्षेत्र आणि तापमान एकाच पडद्यावर दिसतं ही त्याची खरी सोय.

प्रश्न विचारल्यावर के-टूचा दिवा लागला. ते उत्तर मानायचं का?

आधी खिशातले मोबाइल मोजा. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्याने सिग्नल सोडतो. स्पीकरमधून मेसेज यायच्या आधी येणारी ती टर्र-टर्र याचीच. मीटर त्याला छान प्रतिसाद देतो. वॉकीटॉकीचं बटण दाबलं तरी दिवे पेटतात. सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, वॉकीटॉकी दुसऱ्या खोलीत, मीटर हातात न धरता टेबलावर: एवढं केल्यावर बहुतेक ‘संवाद’ आटतात.

तरीही दिवे लागत राहिले तर एक साधी परीक्षा घ्या. कधीच अस्तित्वात नसलेल्या माणसाचं नाव, गाव, मरण्याची तऱ्हा आधी कागदावर रचून ठेवा. अर्धे प्रश्न त्या घरातल्या खऱ्या मृत व्यक्तीला विचारा आणि अर्धे या काल्पनिक माणसाला. दिवे दोघांनाही सारखीच ‘उत्तरं’ देऊ लागले तर काय समजायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. १९७२ मध्ये टोरोंटोतल्या एका गटाने फिलिप नावाचा माणूस असाच कल्पनेतून, चरित्रासकट रचला. पुढे त्यांच्या बैठकांत टेबलावर ठोके पडू लागले आणि ‘फिलिप’ आपल्या बनावट आयुष्याबद्दल हो-नाहीमध्ये उत्तरं देऊ लागला.

शिवाय किती प्रश्न विचारले आणि कितींना दिवा लागलाच नाही, हेही लिहायला हवं. ते कुणी लिहीत नाही.

रेम पॉड विश्वासार्ह आहे का?

तो थेरमिन या वाद्याच्या तत्त्वावर चालतो: अँटेनाभोवती स्वतःचंच क्षेत्र तयार करतो आणि त्यात विद्युतवाहक काही जवळ आलं की वाजतो. माणसाचा हात, ओला पडदा, वॉकीटॉकी, उतरत चाललेली बॅटरी, सगळ्यांना तो जागतो. त्याच्यावर कॅमेरा रोखलेला असेल आणि आजूबाजूला दोन मीटरवर कुणी नसेल तरच त्याचा आवाज नोंदवण्यासारखा.

‘थंड जागा’ कशाने मोजायची?

पिस्तुलासारखं दिसणारं इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी चालत नाही. नेमकं तेच सगळे वापरतात. ते हवेचं तापमान मोजत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं मोजतं. लाल लेसर फक्त नेम दाखवतो. त्यावर १२:१ असं लिहिलेलं असेल तर ३.६ मीटरवरून ते सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी घेतं. खोलीच्या मधोमध थंडावा जाणवला म्हणून पिस्तूल रोखलं, तर आकडा मिळतो पलीकडच्या भिंतीचा. मध्ये खिडकी आली की काचेचा.

हवेसाठी उघड्या सेन्सरचं डिजिटल थर्मामीटर घ्या, शक्यतो दर मिनिटाला स्वतःच नोंद करणारं. असे तीन लॉगर खोलीत वेगवेगळ्या उंचीवर ठेवले तर गंमत कळते: जमिनीलगत आणि छताजवळ एरवीही एक-दोन अंशांचा फरक असतो. स्वस्त सेन्सरमध्ये अर्ध्या अंशाची चूक गृहीतच धरा. म्हणून तिन्ही लॉगर आधी एकाच टेबलावर तासभर शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक लिहून घ्या. थंडावा जाणवला की उदबत्ती लावून धूर कुठे झुकतो ते बघा. दाराखालची फट, बंद केलेलं धुरांडं, फुटकं तावदान यांतलं काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. धूर करण्याआधी ऑडिओवर तसं बोलून ठेवा आणि कॅमेरे झाका, नाहीतर पुढच्या प्रश्नातला घोळ होतो.

थर्मल कॅमेराही पृष्ठभागच दाखवतो. काच आणि गुळगुळीत धातू त्याच्यासाठी आरशासारखे असतात. खिडकीत दिसणारी उबदार मानवी आकृती ही बहुधा कॅमेरा धरलेल्या माणसाचीच असते. भिंतीवर उमटलेला हाताचा गरम ठसा मिनिटभर टिकतो, खुर्चीवरून उठलेल्याची बैठक त्याहून जास्त. ओल शोधायला मात्र हा कॅमेरा अप्रतिम. ओल बाष्पीभवनाने थंड राहते, आणि भिंतीतल्या गूढ काळ्या पट्ट्याचं उत्तर पुष्कळदा गळक्या पाइपात निघतं.

फोटोत गोल तेजस्वी ठिपके आले. हेच का ते ‘ऑर्ब’, आत्म्यांचे गोळे?

धूळ. क्वचित पावसाचा थेंब, किडा किंवा तुमचाच श्वास. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. लेन्सपासून काही सेंटिमीटरवर तरंगणारा कण फ्लॅशने उजळतो, फोकसमध्ये नसल्यामुळे फुगून गोल दिसतो. त्यात दिसणारे चेहरेही फोकसबाहेरच्या कणाच्या कडांचे खेळ असतात. करून बघायचं असेल तर चादर झटका आणि लगेच फ्लॅशने फोटो काढा, पन्नास ‘आत्मे’ हजर. फ्लॅश किंवा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला नेला की ते गायब होतात.

फुल-स्पेक्ट्रम कॅमेरा आणि नाइट व्हिजन यांत फरक काय?

सिलिकॉनचा सेन्सर मुळात साधारण ३५० ते ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारं फिल्टर बसवलेलं असतं. ते काढलं की झाला फुल-स्पेक्ट्रम. त्यात रंग विचित्र येतात, काही काळे कपडे गुलाबी-जांभळे दिसतात, झाडांची पानं पांढरी. यात अलौकिक काही नाही.

रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवा लागतोच. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब पोचतो पण त्याची पुसट लाल चमक दिसते. ९४० नॅनोमीटरचा दिसत नाही पण कमी पोचतो. दोन्हींकडे कीटक येतात, त्यांच्या मागोमाग कोळी. रात्रभर लावलेल्या कॅमेऱ्यात पहाटे पांढरी दोरीसारखी आकृती वर-खाली होताना दिसली तर लेन्सच्या कडेला जाळं आहे का ते आधी पाहा.

कॅमेरा हातात घेऊन फिरण्यापेक्षा ट्रायपॉडवर रोखून ठेवा. एकाच खोलीत दोन, समोरासमोर. एकात दिसलं आणि दुसऱ्यात नाही, तर गोष्ट लेन्सजवळची.

एसएलएस कॅमेऱ्यात काड्यांची माणसं दिसतात. ती काय?

या कॅमेऱ्याच्या पोटात बहुधा मायक्रोसॉफ्टचा काइनेक्ट असतो, २०१० साली एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलसाठी आलेला. तो खोलीभर इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी टाकतो, ठिपके किती सरकले यावरून अंतर काढतो आणि त्या आकारात माणूस बसवायचा प्रयत्न करतो. पहिल्या पिढीत शरीराच्या २० सांध्यांचा सांगाडा आखला जातो. सोफ्यावर बसलेला खेळाडू, अर्धा झाकलेला हात, हे सगळं ओळखता यावं म्हणूनच तो घडवलाय. समोर खात्रीचा माणूस नसला तरी तो खुर्चीची पाठ, पडद्याच्या चुण्या, हँगरवरचा कोट यांच्यात सांधे शोधतो. ‘आकृती नाचतेय’ म्हणजे सॉफ्टवेअरला नक्की ठरवता येत नाहीये.

दोन काइनेक्ट एकाच खोलीत लावले तर ठिपके एकमेकांत मिसळून गोंधळ आणखी वाढतो. वापरायचाच असेल तर फर्निचर हलवून बघा आणि शेजारी साधा कॅमेरा लावा. नुसत्या काड्यांची क्लिप मी पुरावा म्हणून धरत नाही.

ईव्हीपीसाठी (रेकॉर्डिंगमध्ये सापडणाऱ्या गूढ आवाजांसाठी) रेकॉर्डर कसा लावावा?

इथे थोडं सविस्तर, कारण नीट केलं तर ऑडिओ हे सगळ्यात उपयोगी साधन आहे आणि वाईट केलं तर सगळ्यात फसवं.

हा प्रकार गाजला तो स्वीडनमधल्या फ्रीडरिश युर्गेन्सनमुळे. १९५९ मध्ये पक्ष्यांचे आवाज टेप करताना त्याला त्यात माणसांचे आवाज ऐकू आले. त्याच्याकडून स्फूर्ती घेऊन लाटव्हियाचे कॉन्स्टंटिन रॉडिव्ह यांनी हजारो आवाज गोळा केले. त्यांची वाक्यं पुष्कळदा एकाच दमात तीन-चार भाषांची सरमिसळ करणारी असत. रॉडिव्ह यांना स्वतःला बऱ्याच भाषा येत होत्या, हे इथे विसरून चालत नाही. जितक्या भाषांत शोधाल तितक्या भाषांत सापडेल.

रेकॉर्डरवर ‘व्हॉइस अ‍ॅक्टिव्हेशन’ (आवाज आला तरच रेकॉर्डिंग सुरू करणारी सोय) बंद करा, नाहीतर प्रत्येक आवाजाची सुरुवात कापली जाते आणि खाकरणंसुद्धा शब्दासारखं होतं. आपोआप आवाज वाढवणारी सोय, ऑटो गेन, तीही बंद करा. शांतता पडली की ती गेन इतका चढवते की दोन खोल्यांपलीकडचं पोटातलं गुरगुरणं ऐकू येतं. फाइल वेव्ह स्वरूपात, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. एमपीथ्री आकार वाचवण्यासाठी आवाजाचे भाग टाकून देतं. रेकॉर्डर हातात धरू नका, मऊ कापडावर ठेवा, कारण बोटांचं घासणं कुजबुजीसारखंच वाजतं.

दोन रेकॉर्डर हवेत: एक खोलीत, एक दाराबाहेर. बाहेरच्यावर आधी आणि मोठ्याने आलं तर आवाज रस्त्यावरचा. कुणीही कुजबुजायचं नाही, बोलायचं तर पूर्ण आवाजात. कुणाचं पोट वाजलं, बूट घासला, गाडी गेली की लगेच तसं तोंडाने सांगायचं: ‘तो माझा बूट.’ लाज वाटते, पण महिनाभराने फाइल ऐकताना हाच बूट वाचवतो.

मग ऐकण्याची परीक्षा. क्लिप दाखवताना खाली ‘निघून जा’ अशी अक्षरं टाकली की सगळ्यांना ‘निघून जा’च ऐकू येतं. म्हणून जे त्या रात्री तिथे नव्हते अशा चार-पाच जणांना, एकेकट्याला, काहीही न सांगता क्लिप ऐकवा आणि कागदावर लिहून घ्या. पाच जणांचे पाच वेगळे शब्द आले तर ती क्लिप बाजूला ठेवा. नॉइज रिडक्शन जोरात लावू नका, त्यातून उरलेली खरखर स्वतःच बोलल्यासारखी वाजते.

स्पिरिट बॉक्स आणि ओव्हिलस?

स्पिरिट बॉक्सचा पूर्वज म्हणजे फ्रँक सम्प्शनने २००२ मध्ये केलेला ‘फ्रँक्स बॉक्स’. आतला रेडिओ स्टेशनांवरून न थांबता सरकत राहतो. पी-एसबी७ मध्ये हा वेग १०० ते ३५० मिलिसेकंदांचा असतो. बोलण्यातलं एक अक्षर उच्चारायला सुमारे दोनशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे वेग कमी ठेवला तर एका थांब्यावर अख्खं अक्षर सहज मावतं. जोरदार स्टेशन शेजारच्या थांब्यांवरही ऐकू येतं, मग शब्द. त्यात निवेदकांना दिवसभर नावं, आकडे आणि ‘हो-नाही’ बोलायचंच असतं. रेडिओला निवेदक ऐकू आला यात नवल ते काय?

ओव्हिलस आसपासच्या मोजमापांवरून साठवलेल्या यादीतला शब्द निवडून बोलतो. यादी कुणीतरी माणसाने केलेली असते आणि तिच्यात ‘मृत्यू’, ‘तळघर’ असले शब्द असणार हे उघड आहे. तो शब्द काढतो तेव्हा तुमच्या डोक्यात गोष्ट तयार होते. प्रेक्षकांना घेऊन कार्यक्रम करायचा असेल तर ही दोन्ही यंत्रं झकास. तपासात माझ्या पेटीत ती नसतात.

मोबाइलवरची भूत शोधणारी अ‍ॅप?

रडारसारखा पडदा आणि हिरवे ठिपके दाखवणारी अ‍ॅप ठिपके स्वतःच निर्माण करतात. होकायंत्र, अ‍ॅक्सेलरोमीटर आणि ध्वनीचा आलेख दाखवणारी साधी विज्ञान-अ‍ॅप मात्र खरंच कामाची आहेत.

इन्फ्रासाउंड (कानाला ऐकू येत नाही इतक्या खालच्या पट्टीतला आवाज) मोजावा का?

जमलं तर जरूर. व्हिक टँडी हे इंग्लंडमधले इंजिनिअर. ते काम करत होते ती प्रयोगशाळा झपाटलेली असल्याचं बोललं जायचं. एका रात्री त्यांना थंडी वाजून आली, घाम फुटला, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. वळून बघितलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीचं पातं शिकंज्यात पकडून ठेवलं तर ते आपोआप थरथरू लागलं. नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची स्थिर लहर तयार झाली होती. पंख्यात बदल केला आणि प्रकार थांबला. हा लेख १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही गोष्ट सगळे सांगतात, पुढची कमी लोक सांगतात. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या संशोधकांनी एक खोली बांधून तिच्यात गुपचूप चुंबकीय क्षेत्र आणि इन्फ्रासाउंड सोडून ७९ जणांना आत पाठवलं. २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार अनेकांना विचित्र अनुभव आले, पण क्षेत्र किंवा इन्फ्रासाउंड चालू होता की बंद याच्याशी त्यांचा संबंध लागला नाही. ‘इथे काहीतरी जाणवेल’ असं आधी सांगितल्याचा परिणाम हे साधं स्पष्टीकरण पुरेसं ठरलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तेव्हा इन्फ्रासाउंड सापडला की ‘कारण मिळालं’ म्हणून उड्या मारू नका.

साधे माइक २० हर्ट्झखाली नीट ऐकत नाहीत, त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो. तोवर मोठे पंखे, एसीची डक्ट, जवळचा महामार्ग यांची नोंद करा.

आपोआप लागणारा टॉर्च आणि फिरणाऱ्या डाउझिंग सळया?

टॉर्चचं डोकं अर्धवट पिळून ठेवलं की संपर्क जेमतेम टिकतो. दिव्याने भाग तापून प्रसरण पावतात, थंड होऊन आकसतात, आणि टॉर्च आपल्या लयीत लागत-विझत राहतो. सळयांचं उत्तर त्याहून जुनं आहे. आत्म्यांना बोलावून टेबलं फिरवण्याच्या बैठकांचं वेड आलं होतं तेव्हा, १८५३ मध्ये, मायकेल फॅरेडेने पुठ्ठ्याचे थर आणि तरफ वापरून दाखवलं की हातच टेबलाला ढकलतात, हात टेबलाबरोबर जात नाहीत. बसलेल्यांना मात्र ते अजिबात जाणवत नव्हतं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. सळया धरणारेही बोलत नसतात.

त्या रात्री यंत्रं कोणत्या क्रमाने लावायची?

दिवसाउजेडी पोचा. घराचा नकाशा काढा, त्यावर मीटरबॉक्स, पाण्याची टाकी, मोटर, राउटर, फ्रिज दाखवा. मग प्रत्येक खोलीत बेसलाइन, म्हणजे नेहमीच्या स्थितीतले आकडे: वीज चालू असताना एकदा, मेन स्विच बंद करून एकदा (मालकाला विचारून). खोलीच्या त्याच चार कोपऱ्यांत, त्याच उंचीवर, जमिनीवर खडूने खूण करून. ‘भुताची’ न समजली जाणारी एक शेजारची खोलीही तशीच मोजा. तिच्याशी तुलना करता आली नाही तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

सगळ्या यंत्रांची घड्याळं एकाच फोनवरून लावा आणि प्रत्येक कॅमेरा-रेकॉर्डरसमोर एकदा टाळी वाजवा, म्हणजे नंतर फाइली जुळवता येतात. कोण कुठे आहे याची नोंद एकाने सतत ठेवायची. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून आळीपाळीने द्या.

बॅटऱ्या पटापट संपतात, हे लक्षण आहे का?

थंडीचं लक्षण आहे. बॅटरी गारठली की क्षमता घटते, आणि खोलीत ऊब मिळाली की पुन्हा चार्ज दाखवते. रिचार्ज होणारे निकेल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. त्यामुळे काही यंत्रं नव्या भरलेल्या सेललाही अर्धा संपलेला समजतात. प्रत्येक सेलवर तारीख लिहा आणि सगळे एकाच दिवशी भरा.

ओसाड इमारतीत जायला काय लागतं?

मालकाची लेखी परवानगी. तोंडी नाही. जाड तळाचे बूट, हेल्मेट, आणि वटवाघळांची किंवा पक्ष्यांची विष्ठा असेल तर एन-९५ मास्क. त्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुफ्फुसाचा बुरशीजन्य आजार होतो. जुन्या छपरांत, पाइपांच्या वेष्टनांत अ‍ॅस्बेस्टस असू शकतं, ते खरवडू नका. एकट्याने जायचं नाही, आणि बाहेरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवायची.

वापरलेली साधनं घ्यावीत का?

ईएमएफ मीटर जुना चालतो. तुमच्या ओळखीच्या मीटरसोबत एकाच वायरिंगसमोर, एकाच अंतरावर धरून आकडे जुळतात का बघा. थर्मल कॅमेऱ्याची लेन्स जर्मेनियमची असते, तिच्यावर चरे असतील तर सोडून द्या. जुना काइनेक्ट संगणकाला जोडायला वेगळा पॉवर अ‍ॅडॉप्टर लागतो आणि विकणारे तो बहुतेक वेळा देत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र कधीही जुना घेऊ नका. त्यातला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो आणि मुदत मागच्या बाजूला छापलेली असते.